नागाच्या डोळ्यातला फोटो

नाग मारला तर त्याचं डोकं ठेचायचं, शक्यतो जाळायचंही. का, तर मारणाऱ्याचा फोटो त्याच्या डोळ्यात उमटतो. मग नागीण येते, तो फोटो बघते आणि माणूस जिथे असेल तिथे त्याला शोधून काढते. सातारा-सांगलीकडच्या गावात ज्याचं लहानपण गेलंय त्याला ही गोष्ट कुणी समोर बसवून सांगावी लागत नाही. ती कानावर पडतेच.

मला या गोष्टीत नागापेक्षा 'फोटो' या शब्दाची गंमत वाटते. आपण हिला पूर्वापार चालत आलेली गोष्ट म्हणतो. पण फोटो पूर्वापार कुठे होता? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. आपल्याकडच्या खेड्यात कॅमेरा पोचायला त्यानंतर आणखी बरीच वर्षं गेली. नाग 'डूख धरतो' हे जुनं. ते भाषेतच रुतलेलं आहे, माणसंही डूख धरतात. पण डूख डोळ्यात फोटो होऊन बसला तो कॅमेरा आल्यानंतरच. आणि हे काही आपल्याच अडाणीपणाचं लक्षण नाही. १८७० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म क्युने नावाचा शास्त्रज्ञ सशाच्या डोळ्यातल्या पडद्यावर खिडकीच्या गजांची आकृती उमटवून दाखवत होता, आणि खून झालेल्या माणसाच्या डोळ्यात खुन्याचा चेहरा सापडेल अशी आशा युरोपातल्या शिकलेल्या लोकांनाही होती. पुढे १९७६ चा 'नागिन' आला. त्यात मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारेकऱ्यांचे चेहरे दिसतात. गावोगावच्या तंबूतल्या थेटरांतून हे बघितल्यावर कुणाला शंका राहणार?

म्हणजे नवीन यंत्र आलं की दंतकथा मरत नाही, ती ते यंत्र वापरायला लागते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जुनं व्हर्जन कुणी जपून ठेवत नाही, म्हणून चालू व्हर्जनलाच सगळे मूळ समजतात. 'डिजिटल युगात तरुण पिढी लोककथांकडे कशी बघते' असा विषय वक्तृत्व स्पर्धेत हमखास असतो. त्यात एक गृहीत धरलेलं असतं की कथा जागच्या जागी उभी होती आणि पोरं तिच्यापासून लांब गेली. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला बत्तीस शिराळ्याइतकं चांगलं गाव नाही.

शिराळा हा सांगली जिल्ह्यातला तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याचा. पुढे चांदोलीचं जंगल, गावातून वाहणारी मोरणा, भाताची शेती. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पण शिराळा म्हटलं की लोकांना आठवतो तो नाग. तिथली कथा थोडक्यात अशी: गोरक्षनाथ भिक्षा मागत शिराळ्यात महाजनांच्या दारात आले. घरातल्या बाई नागपंचमीची पूजा करत होत्या, त्यामुळे भिक्षा घालायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं. बाईंनी पाटावरचा मातीचा नाग दाखवला. नाथ म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायला लागले, आणि पूजेचा पहिला मान महाजनांच्या घराला.

हे कधी घडलं असं विचारण्यात अर्थ नाही. गोरक्षनाथांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगतात. पण शिराळ्यातल्या त्या उंबऱ्यावरच्या प्रसंगाला तारीख नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही कथा दुसऱ्या एका कथेला उत्तर देते.

ती दुसरी कथा म्हणजे नागपंचमीची कहाणी, जी श्रावणात घरोघर वाचली जाते. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात. नागीण चिडून त्याच्या घरादाराला डसते आणि मग सासरी असलेल्या त्याच्या लेकीकडे जाते. बघते तर लेकीने पाटावर नाग-नागीण काढलेत, त्यांना दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलाय, आणि ती डोळे मिटून बसलीय. नागीण शांत होते, लेकीला अमृत देते आणि माहेरची माणसं उठून बसतात. या कहाणीत काढलेला नाग पुरेसा आहे. चित्राने जीव वाचतो. म्हणूनच त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि उकडलेली दिंडं खायची. सगळी कथा हात आवरायला सांगते.

शिराळ्याची कथा याच्या बरोबर उलटी. तिथे मातीचा नाग पुरेसा नाही. नाथ विचारतात, खरा समोर आला तर? आणि बाई मागे हटत नाही. एकीत भक्ती म्हणजे अंतर राखणं, दुसरीत भक्ती म्हणजे अंतर मोडणं. महाराष्ट्रभर पहिली चालली. बत्तीस शिराळ्याने दुसरी उचलली.

आणि उचलली ती नुसती गोष्ट म्हणून नाही. पंचमीच्या आधी काही आठवडे गडी बाहेर पडायचे. बांधाबांधाने, ओढ्याच्या काठाने, वारुळाशी, काठी आणि मडकं घेऊन. बिळाच्या तोंडाशी माती कशी गुळगुळीत झालीय, कात किती ताजी आहे, यावरून नाग आत आहे की नाही ते ओळखायचे. पकडलेला नाग मडक्यात ठेवायचा, जपायचा, पंचमीला पुजायचा आणि मग सोडून द्यायचा. गारुडी विषाचे दात पाडतो, आम्ही पाडत नाही, हे शिराळकर आजही ठासून सांगतात. 'शिराळ्यात नाग चावत नाही' ही त्याच्या पुढची पायरी. ती मात्र दंतकथा. नाग गाव बघून चावत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले.

विसाव्या शतकाच्या शेवटाकडे या सणाचं रूप पार बदललं. गल्लीगल्लीची नाग मंडळं झाली. कुणाचा नाग सगळ्यात लांब, कुणाचा सगळ्यात उंच फणा काढतो, याच्या स्पर्धा लागल्या. ट्रॅक्टर-ट्रकवरून मिरवणुका निघाल्या, डीजे आला. परदेशी चॅनेलवाले कॅमेरे घेऊन आले आणि शिराळा जगभर पोचलं. हे सगळं इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी झालं, हे मी मुद्दाम सांगतोय. मोबाईलने सणाचा तमाशा केला असं म्हणणारे काका ज्या वयात मोबाईलशिवाय ट्रकवर नाचत होते, तो काळ मी बोलतोय. गोष्टीतली बाई एकटी होती, समोर एक नाग होता आणि दोघांच्या मध्ये भीती होती. स्पर्धेत भीती गेली आणि टाळ्या आल्या.

कायदा १९७२ पासून होताच. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणंही येतं. म्हणजे मडक्यातला नाग सुखरूप सोडला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार. प्राणीप्रेमी संघटना न्यायालयात गेल्या, बरीच वर्षं वाद चालला आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिराळ्यात जिवंत नाग पकडायला मनाई केली. पालखी निघते, पूजा होते, जत्रा भरते. पाटावर नाग असतो तो मातीचा.

गंमत बघा. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला, न्यायालयाने जिवंताचा परत मातीचा केला. पण खरी पंचाईत अशी की न्यायालयाने सांगितलं ते कहाणीतल्या लेकीने आधीच करून दाखवलं होतं. परंपरा मोडली म्हणावं तर कुठली?

हे मी एकदा गावाकडच्या मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं. आठ-दहा जणांचा ग्रुप, निम्मे पुण्यात नाहीतर बेंगळुरूला, निम्मे घरी. उत्तरं आली ती मला अपेक्षित नव्हती. श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा सामना होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नागाला दूध पचत नाही, तो तहानेने व्याकूळ असतो म्हणून पितो, पुंगीच्या सुरावर नाही तर पुंगीच्या हालचालीवर डोलतो, हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेतच शिकवलंय. गोरक्षनाथ खरंच आले होते का, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. राग होता तो वेगळाच. एकाने लिहिलं, "ऊस तोडताना नाग मरतो तेव्हा कुठे असतंय फॉरेस्ट?" दुसऱ्याने लिहिलं, "बिबट्या गोठ्यात येतोय, पंचनाम्याला चार दिवस लागत्यात, पण पंचमीला मात्र फौज हजर."

या रागाला इतिहास आहे, आणि तो नागापेक्षा जंगलाचा आहे. याच तालुक्यातल्या बिळाशी गावाने १९३० साली जंगल सत्याग्रह केला. सरकारी जंगलातला साग तोडून आणला आणि त्याचा झेंड्याचा खांब करून गावात उभारला. इंग्रजांच्या पोलिसांनी तो खांब पाडायला बळ वापरलं, गोळीबार झाला. झाड कुणाचं, यावर ती लढाई होती. पुढे स्वातंत्र्य आलं, चांदोलीचं धरण झालं, १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक टप्प्यावर काही गावं उठली, गुरं चारायच्या वाटा बंद झाल्या. मला वाघ हवा आहे, नागही हवा आहे, जंगल तर हवंच. पण ज्या भागात आजोबाला साग सोडावा लागला, बापाला कुरण, त्या भागातल्या पोराला 'आता नागही आमचा' असं सांगितलं की तो ते प्राणीशास्त्र म्हणून ऐकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो अंधश्रद्धाळू वाटतो. तो हक्काचं बोलत असतो, फक्त त्याच्याकडे त्यासाठी उपलब्ध असलेली भाषा गोरक्षनाथांची आहे.

दंतकथा अशी कामाला जुंपणं हे या मातीत नवीन नाही. गोरक्षनाथांचे गुरू मच्छिंद्रनाथ. त्यांच्या नावाचा मच्छिंद्रगड वाळवा तालुक्यात आहे आणि त्याच्या पायथ्याचं येडे मच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला हा भाग त्यातच होता, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं) प्रतिसरकार चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणायला लागले. का? तर फितुराला पकडून घोड्यासारखे तळपायाला पत्रे, म्हणजे नाल, ठोकायचे म्हणून. मी लहानपणी हे असंच ऐकलं आणि पुस्तकात 'प्रतिसरकार' वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. तळपायावर काठ्या मारायची शिक्षा असायची, नाल वगैरे नाही, असं चळवळीतले काही जण नंतर सांगत. पण तेव्हा कुणी घाईने खुलासा केला असेल असं वाटत नाही. कशाला करतील? भूमिगत माणसाला रात्री ज्या गावात झोपायचं आहे, तिथल्या खबऱ्याच्या मनात आपल्या तळव्यांची काळजी बसली तर बरंच. शेणोलीला रेल्वेगाडी अडवून पगाराची रक्कम लुटली ती १९४३ मध्ये. तेवढ्या एका घटनेने जो धाक बसला असेल, त्याच्या कितीतरी पट ही ऐकीव गोष्ट बसवत होती, आणि तेही फुकटात.

आज कुणी पत्री सरकारची रील बनवतो तेव्हा त्यात नाल ठोकतानाचं, एआयने काढलेलं चित्र असतं. मागे ढोल-ताशा. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, सावकारीला आवर घातला, खर्च टाळून साधी लग्नं लावली; ते रीलमध्ये नसतं, कारण ते दिसायला काही नाही. शिराळ्याचंही तसंच. पूर्वीच्या फुटेजमधला फणा काढलेला नाग दर श्रावणात नव्याने फिरतो, बहुतेक वेळा तारीख न सांगता. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की हे याच वर्षीचं आहे. कथेतलं दाखवता येण्यासारखं तेवढं तरंगतं. पकडल्यावर त्याला उपाशी ठेवायचा नाही, मारायचा नाही, सोडून द्यायचा, हा करारातला बारीक अक्षरातला भाग तळाला जातो.

माझ्या मते शब्दांचं नुकसान याहून मोठं आहे. आमच्याकडे रात्रीच्या वेळी साप हा शब्द उच्चारत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, नाहीतर 'जनावर'. नाव घेतलं की येतो म्हणून. ही सवय हसण्यावारी न्यायची असेल तर आधी आपल्या पिढीकडे बघा. व्हिडिओ दाबला जाऊ नये म्हणून आपणही काही शब्द मोडतोड करून लिहितो, मध्ये तारा-टिंबं टाकतो, कारण नाव घेतलं की अल्गोरिदम येतो. न दिसणाऱ्या ताकदीला नाव घेऊन जागं करायचं नाही, हे तेच आहे. फरक इतकाच की आज्जीच्या शब्दात अंधारात पाय जपून टाकायची आठवण होती.

या सगळ्यात तरुणांचा एक गट मात्र खरोखर नवा आहे: सर्पमित्र. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, तिथून ही लाट महाराष्ट्रभर पसरली. आज कराड, इस्लामपूर, विटा, कुठेही घरात साप निघाला तर लोक काठीच्या आधी फोन शोधतात. वनखात्याचा १९२६ हा क्रमांकही आहे. माझ्या लेखी ही गेल्या चाळीस वर्षांतली मोठी सांस्कृतिक घटना आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी लिहिलंय. पण त्यांच्यातही दोन तऱ्हा आहेत. एक जण हुक आणि पिशवी घेऊन येतो, सहा फुटांवरून काम करतो, नोंद करतो, जंगलात सोडतो. दुसरा शेपटी धरून नाग डोळ्यांसमोर नाचवतो, कारण मित्र शूट करतोय. पहिला कहाणीतल्या लेकीचा वारस, दुसरा नाग मंडळाच्या ट्रकचा. दुसऱ्याला फॉलोअर जास्त असतात आणि वर्तमानपत्रात 'सर्पमित्राचा दंशाने मृत्यू' अशी बातमी येते तीही बहुधा दुसऱ्याची.

मग आलं २०२५. जुलैमध्ये, पंचमीच्या तोंडावर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिराळ्यात २१ नाग पकडायला परवानगी दिली. पूजेसाठी नव्हे. वन्यजीव कायद्यात शिक्षणासाठी प्राणी पकडायची तरतूद आहे, तिच्याखाली. मनोरंजन करायचं नाही, व्यापारी वापर करायचा नाही, नंतर नाग सोडून द्यायचे, अशा अटी. आणि हेतू काय, तर स्थानिक तरुणांपर्यंत नागाबद्दलचं पारंपरिक ज्ञान पोचवणं.

मी हा हेतू दोन-तीनदा वाचला. सरकारी कागदाने आमच्या पिढीला दंतकथेचा अधिकृत श्रोता केलं होतं. राजकीय तोडगा म्हणून तो हुशार आहे, यात वाद नाही: गावाला नाग मिळाला, कायद्याला पळवाट नाही तर दार मिळालं. प्राणीप्रेमींना तो पटला नाही, आणि त्यांची शंका रास्त आहे की २१ चे पुढच्या वर्षी किती होतील.

पण ज्ञान पोचवायचं तर ते आहे कुणाकडे? बिळाच्या तोंडाची माती वाचणारी माणसं आता पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. २०१४ नंतर अकरा पावसाळे त्यांनी कायद्याने हात बांधून काढले. २०१४ ला जो पोरगा दहा वर्षांचा होता तो २०२५ ला एकविशीचा झाला. त्याने बापाचा हात धरून बांधावर फिरण्याचं वयच निघून गेलंय. त्याला नाग माहीत आहे तो स्क्रीनवरचा, प्रकाशात, फणा काढलेला, वरून संगीत असलेला. बांधावरचा नाग बहुतेक वेळ फणा काढत नाही. तो निघून जात असतो, आणि आपल्याला दिसते ती गवतात शिरणारी शेपटीच.